'ट्रॅप्ड' : महानगरातील एकांतवास आणि निवाऱ्याचा प्रश्न

एकाकी सापडलेला मनुष्य कसा तगतो, हा कथावाङ्मयाचा जुना विषय होय. डॅनिएल डीफोची 'रॉबिन्सन क्रूसो' ही कादंबरी १७१९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि निर्जन बेट हे या विषयाचे जणू हक्काचे स्थळ ठरले. 'कास्ट अवे' (२०००) या चित्रपटात तेच बेट पुन्हा येते. '१२७ अवर्स' (२०१०) मध्ये त्याची जागा खडकाळ घळ घेते. दोन्हींत निसर्गच नायकाला माणसांपासून तोडतो. विक्रमादित्य मोटवाने दिग्दर्शित 'ट्रॅप्ड' हा हिंदी थरारपट मात्र आपल्या नायकाला मुंबईच्या ऐन मध्यात, प्रभादेवीतील एका उत्तुंग इमारतीच्या पस्तिसाव्या मजल्यावर अडकवतो. २०१६ च्या मुंबई चित्रपट महोत्सवात दाखविला गेलेला हा चित्रपट १७ मार्च २०१७ रोजी सर्वत्र प्रदर्शित झाला. त्याची चर्चा बहुतांशी राजकुमार राव यांच्या अभिनयाभोवती फिरली, आणि ती योग्यही होती. तथापि नायकावर ओढवलेले संकट हा निव्वळ अपघात नसून ते महानगरातील घरांच्या व्यवस्थेतून घडलेले आहे, ही बाजू काहीशी दुर्लक्षित राहिली. प्रस्तुत लेखात तिचा विचार केला आहे.

कथानक थोडक्यात असे : शौर्य हा सामान्य नोकरदार तरुण इतरांसोबत एका खोलीत दाटीवाटीने राहतो. त्याचे प्रेम असलेल्या नूरीचे लग्न अन्यत्र ठरले असून ते अगदी तोंडावर आले आहे. दोघांनी संसार थाटायचा तर तत्काळ स्वतंत्र जागा हवी, आणि परवडणारी जागा मिळत नाही. अखेर एक दलाल त्याला 'स्वर्ग' नावाच्या, वादात सापडून रिकाम्या राहिलेल्या इमारतीत सदनिका मिळवून देतो. दुसऱ्या दिवशी घाईत निघताना किल्ली बाहेरच्या बाजूला राहते, दार बंद होते आणि शौर्य आत कोंडला जातो. भ्रमणध्वनी निकामी होतो. वीज नाही, पाणी नाही, खाली रेडिओ ऐकत बसलेल्या रखवालदाराला कमी ऐकू येते.

येथे पहिला प्रश्न उद्भवतो तो असा की, घरांची एवढी टंचाई असलेल्या शहरात अख्खी इमारत रिकामी कशी? चित्रपट त्याच्या खोलात जात नाही. पण ज्याला मुंबईचा इतिहास ठाऊक आहे त्याला उत्तर शोधावे लागत नाही. प्रभादेवी, परळ, वरळी हा गिरणगावाचा टापू. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर येथील गिरण्या क्रमाने बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकासाला खुल्या केल्या. २००१ मधील दुरुस्तीने मोकळ्या जागा व सार्वजनिक गृहनिर्माण यांच्या वाट्याला येणारे क्षेत्र घटले, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य मानली. चाळींच्या शेजारी मनोरे उभे राहिले, पण मनोरा उभा राहणे आणि त्यात माणसे राहणे या भिन्न गोष्टी आहेत. केंद्र शासनाच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनुसार, २०११ च्या जनगणनेच्या वेळी मुंबईत सुमारे ४.८ लाख घरे रिकामी होती आणि ही संख्या देशातील शहरांत सर्वाधिक होती. मालमत्तेच्या हक्कांविषयीची अस्पष्टता, करारांच्या अंमलबजावणीतील शैथिल्य आणि भाड्यातून मिळणारा तुटपुंजा परतावा ही संभाव्य कारणे त्याच अहवालात नमूद आहेत. शौर्यचा तुरुंग या आकडेवारीतील एक घर आहे.

दुसरा मुद्दा नोंदीचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेपट्टा अथवा अनुज्ञप्ती-करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. पण ज्या इमारतीत राहण्याचीच मुभा नाही, तेथे करार कोण नोंदविणार? असा व्यवहार चोरवाटेनेच होतो. परिणामी भाडेकरू त्या पत्त्यावर राहतो हे ना सोसायटीला ठाऊक, ना शेजाऱ्यांना; मुळात दोन्ही अस्तित्वातच नसतात. बेटावरच्या माणसाचा निदान शोध तरी घेतला जातो. शौर्यला शोधायचे कुठे, हेच कोणाला ठाऊक नाही.

पाण्याचा प्रसंग या दृष्टीने विशेष बोलका आहे. तानसा, भातसा आदी तलावांचे पाणी महानगरपालिका मुंबईत आणते खरे, परंतु उंच इमारतीत ते जमिनीलगतच्या टाकीपर्यंतच पोहोचते. तेथून वर चढविण्यासाठी पंप व वीज लागते. वीज गेली की पस्तिसाव्या मजल्याचा नळ केवळ शोभेचा उरतो. चित्रपटात शौर्यला पाणी मिळते ते पावसाचे, आणि तो हाताला लागेल त्या भांड्यात ते साठवितो. उंदराची भीती बाळगणारा हा शाकाहारी तरुण पुढे कबुतर मारून खातो. या दृश्यांत किळस आहे, पण ती प्रेक्षकाला धक्का देण्यापुरती नाही. संस्कारांची एकेक पुटे कशी गळून पडतात हे दिग्दर्शक सावकाश दाखवितो.

ध्वनीचा वापर हे या कृतीचे सर्वांत मोठे बळ मानावे लागेल. खालच्या शहराचा कोलाहल अखंड वर येत राहतो, वरची हाक मात्र त्याच कोलाहलात विरून जाते. शौर्य ओरडतो, भांडी बडवितो, आग पेटवितो, स्वतःच्या रक्ताने पुठ्ठ्यावर मजकूर लिहून खाली भिरकावतो. माणसे दिसतात, पण त्यांना तो दिसत नाही. ध्वनिसंयोजक अनिश जॉन व संकलक नितीन बैद यांना या चित्रपटासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाले, आणि राजकुमार राव यांना समीक्षकांच्या पसंतीचा अभिनेता म्हणून गौरविण्यात आले.

एकाच पात्रावर चित्रपट पेलण्याचा प्रयोग हिंदीला नवा नाही. सुनील दत्त यांनी 'यादें' (१९६४) मध्ये तो केला होता. जागेअभावी अडलेल्या जोडप्यांची परंपराही मोठी आहे. मराठीत 'मुंबईचा जावई' (१९७०) ने चाळीतील नवविवाहितांची अडचण हसत मांडली, तर हिंदीत 'घरौंदा' (१९७७) ने घराच्या हव्यासापोटी नात्याची होणारी पडझड दाखविली. 'ट्रॅप्ड' या दोन्ही परंपरांच्या सांध्यावर उभा आहे. त्यात उणिवा नाहीत असे नाही. कचेरीतील सहकारी व खोलीतील सोबती यांना शौर्यच्या बेपत्ता होण्याचे काहीच कसे वाटत नाही, हा प्रश्न पटकथा घाईने ओलांडते. नूरीचे पात्रही नायकाला जागा शोधायला लावण्यापुरतेच उरते.

शेवटाकडे मात्र पटकथा पुन्हा सावरते. दार बाहेरून कोणीच उघडत नाही. चोर आत येऊ नये म्हणून बसविलेली लोखंडी जाळी शौर्यला आतून तोडावी लागते, आणि तो इमारतीच्या बाहेरच्या अंगाने एकेक मजला खाली उतरू लागतो. वाटेत लागणारे मजलेही रिकामेच आहेत.