बंद होता होता कोसळणारा कर्नल

लिनक्सवरची छोटी यंत्रणा दिवसभर बिनबोभाट चालते आणि बंद करतानाच तिचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कोसळतो. हा दोष फार दिवस लपून राहतो. निमगाव केतकीच्या शिवारात डाळिंबाचे ठिबक सांभाळणारी सौर पॅनेलवरची पेटी घ्या. बॅटरी उतरू लागली की तिने स्वतःहून बंद व्हायचे असते. कर्नल मध्येच अडकला, तर प्रोसेसर जागाच राहतो आणि उरलीसुरली बॅटरी पहाटेपर्यंत संपवतो. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरील ऊसप्रयोगामुळे शेतातल्या सेन्सरांची चर्चा या भागात खूप झाली. त्यांच्या बंद होण्याकडेही तितकेच लक्ष हवे.

शटडाऊनमध्ये आधी प्रोग्राम थांबतात, मग फाइल सिस्टिम उतरवल्या जातात आणि शेवटी कर्नल एकेका ड्रायव्हरला आवरायला सांगतो. घोळ बहुधा इथेच होतो. समजा, ओलाव्याचा सेन्सर आयटूसी बसवर आहे आणि दर 10 सेकंदांनी त्याचे वाचन होते. बसच्या ड्रायव्हरने क्लॉक बंद केले, पण ते वाचन कोणी थांबवलेच नाही. क्लॉक नसलेल्या रजिस्टरला हात लागला, की अनेक एआरएम चिपांवर बस एरर येते आणि कर्नल पॅनिक होतो. वाचनाची वेळ नेमकी त्या क्षणी आली तरच हे घडते, म्हणून दोष कधी दिसतो, कधी नाही.

तोवर फाइल सिस्टिम उतरलेली असल्याने लॉग कोराच राहतो आणि बोल उगाच बॅटरीला लागतो. अशा वेळी बोर्डाच्या ट्रान्समिट, रिसीव्ह आणि ग्राउंड या पिनांना यूएसबी-सिरियल केबल जोडावी, पिना 3.3 व्होल्टच्या की 5 च्या, हे आधी पाहावे. वेग बहुधा 115200 असतो. बूटच्या ओळीत ‘इनिटकॉल_डीबग’ टाकून लॉगची पातळी वाढवली, की आवरण्यापूर्वी त्या त्या डिव्हाइसचे नाव उमटते. शेवटच्या नावावर लगेच ठपका मात्र ठेवू नये. वरच्या उदाहरणात शेवटी नाव दिसेल बसचे, चूक सेन्सरच्या ड्रायव्हरची. ती कॉल ट्रेसमध्ये सापडते.

बांधावर केबल लावून बसणे शक्य नसेल, तर ‘रॅमऊप्स’ कामी येते. कर्नलचे शेवटचे संदेश ते राखीव रॅममध्ये ठेवते. वीज तुटली तर तेही जातात, म्हणून सोबत ‘पॅनिक=10’ देऊन दहा सेकंदांनी यंत्रणा आपोआप रीबूट होऊ द्यावी.

दुरुस्ती छोटी असते: सेन्सरच्या ड्रायव्हरला शटडाऊन फंक्शन देऊन त्यात पुढचे वाचन रद्द करायचे आणि चालू असलेले पुरे होईपर्यंत थांबायचे. पारख करताना 10 सेकंदांचा अवधी काही मिलिसेकंदांवर आणावा. जुना ड्रायव्हर मग जवळजवळ दर वेळी कोसळतो. नवा त्याच अवधीवर शेकडो वेळा बंद-चालू करून पाहावा.