हिरड्यांच्या शस्त्रक्रियेतील शोषणीय पटल व त्याचे पेशींवरील परिणाम

प्रस्तावना

पायोरिया या नावाने परिचित असलेल्या परिदंत रोगात दाताला जबड्याशी जोडणारे तंतुमय बंध व भोवतालचे हाड झिजत जाते. शस्त्रक्रियेने दाताचे मूळ स्वच्छ केले तरी गमावलेला आधार सहसा पूर्णपणे परत येत नाही. हिरडीच्या अभिस्तराच्या, म्हणजे बाह्य आवरणाच्या, पेशी वेगाने वाढून मुळालगत खाली उतरतात. बंध व हाड निर्माण करणाऱ्या पेशी मात्र मंदगती असतात. जखमेतील जागा प्रथम ज्या पेशी व्यापतात, त्यांवर नव्या ऊतकाचे स्वरूप ठरते, असे मेल्चर यांनी १९७६ मध्ये प्रतिपादन केले. १९८२ मध्ये नीमन, लिंडे व सहकाऱ्यांनी हिरडी व मूळ यांच्यामध्ये पटल ठेवून या मंदगती पेशींना अवधी मिळवून दिला.

शोषणीय पटलाची गरज

टेफ्लॉनवर्गीय पटल शरीरात विरघळत नाही. ते साधारणतः ४ ते ६ आठवड्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करून काढावे लागते व त्यात कोवळ्या ऊतकास इजा होण्याचा संभव असतो. कोलॅजेन किंवा पॉलिलॅक्टिक आम्लाच्या पटलामुळे ही दुसरी शस्त्रक्रिया टळते.

पेशींवरील परिणाम

कोलॅजेन हा हिरडीच्या संयोजी ऊतकाचाच प्रमुख घटक होय. त्यामुळे तंतुजनक पेशी त्याकडे आकृष्ट होतात व त्यावर सहज चिकटतात. परंतु शरीरातील विकरे त्याचे लवकर विघटन करतात. कोलॅजेनच्या रेणूंमध्ये आडबंध निर्माण केल्यास पटल अधिक काळ टिकते. मात्र त्यासाठी वापरलेल्या ग्लुटाराल्डिहाइडचा अंश उरल्यास तो पेशींना विषारी ठरतो. पॉलिलॅक्टिक आम्लाचे पटल पाण्याच्या क्रियेने विघटित होते. त्यातून सुटणाऱ्या लॅक्टिक आम्लाने परिसराची आम्लता वाढून सौम्य दाह होऊ शकतो. हिरडी मागे सरून पटल उघडे पडल्यास त्यावर जंतू वाढतात. काही परिदंत जंतूंची विकरे कोलॅजेनचे पटल अकाली नष्ट करतात आणि मंदगती पेशींचे संरक्षण संपुष्टात येते.

निष्कर्ष

शोषणीय पटल ही केवळ निर्जीव भिंत नव्हे. तिचे द्रव्य व तिचे विरघळणे, दोन्ही पेशींवर परिणाम करतात. म्हणून पटलाची निवड करताना केवळ टिकाऊपणा न पाहता पेशीस्नेही गुणधर्म व विघटनाचा कालावधी यांचा मेळ घालणे आवश्यक ठरते. हा मेळ साधला तरच हलणाऱ्या दाताचा गमावलेला आधार काही अंशी परत मिळण्याची आशा बाळगता येते.