विश्लेषण : बांधावर कोणते झाड लावावे, हे डेटाबेस कसे सांगणार?

बांधावरच्या झाडाने चारा द्यावा, सरपण द्यावे, जमिनीचा कस राखावा आणि जमल्यास चार पैसेही द्यावेत, अशी शेतकऱ्याची अपेक्षा असते. मात्र निवड चुकली, तर ते कळेपर्यंत काही वर्षे हातची गेलेली असतात. म्हणून उष्ण कटिबंधातील बहुउपयोगी झाडांची माहिती एकत्र करण्याचे काम सुरू झाले. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या ‘इक्राफ’ या नैरोबीतील कृषिवनशेती संशोधन केंद्राच्या डेटाबेसमध्ये सहाशेहून अधिक प्रजातींच्या नोंदी आहेत.

अडचण कुठे येते?

पहिला घोळ नावांचा. बाभूळ, सुबाभूळ, वेडी बाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ ही चार वेगळी झाडे. म्हणून शास्त्रीय नाव हवे. पण तेही बदलते. आपली बाभूळ पूर्वी ‘अकेशिया’ होती, आता ‘व्हॅचेलिया’ झाली. जुनी नावे जोडून ठेवली नाहीत, तर त्या नावांखालचे संशोधन सापडतच नाही.

‘चारा : होय’ एवढी नोंद पुरेशी का नाही?

सुबाभळीचेच पाहा. पाला प्रथिनयुक्त, वाढ झपाट्याची. पण त्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असते. ऑस्ट्रेलियात हा पाला भरपूर खाणाऱ्या जनावरांचे केस गळत, गलगंड होई. हवाईतल्या शेळ्यांना मात्र काही होत नसे. त्यांच्या पोटातले जिवाणू ते विष पचवतात, हे पुढे उघड झाले आणि ते जिवाणू ऑस्ट्रेलियातील जनावरांना देण्यात आले. म्हणजे झाड तेच, निष्कर्ष दोन आणि दोन्ही खरे! प्रयोग कुठे, कोणत्या जनावरांवर झाला, हे नोंदीत नसेल तर ती दिशाभूल करते.

नोंद जुनीही होते. सुबाभळीचा रस शोषणारी सिलिड ही बारीक कीड १९८०च्या दशकात पॅसिफिक ओलांडून आशियात पसरली. १९८८ मध्ये ती भारतात पोहोचली. त्याआधीचे उत्पादनाचे आकडे तेव्हापासून जसेच्या तसे वापरण्याजोगे राहिले नाहीत.

अपयशाची नोंद कोण ठेवतो?

फारसे कोणी नाही, आणि खरी उणीव तिथेच आहे. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात खारे रण पुढे सरकू नये म्हणून १९६०च्या दशकात वेडी बाभूळ लावली गेली. ‘क्षारपड जमिनीत तगते, सरपण उत्तम’ हे वर्णन अगदी बरोबर होते. पुढे तिने गवताची जागा व्यापली आणि पशुपालकांची कुरणे आक्रसली. त्यामुळे एखाद्या झाडाची नोंद वाचताना उपयोगांच्या यादीआधी ‘पसरण्याचा धोका’ हा रकाना उघडावा. तो रिकामा दिसला, तर स्थानिक कृषी विद्यापीठाकडे चौकशी केल्याखेरीज रोपे आणू नयेत.