पंचेचाळीस अंशांतले विमान

किट विमानाच्या माहितीपुस्तिकेतले सगळे आकडे समुद्रसपाटीचे आणि 15 अंश तापमानाचे असतात. अकोल्यात 15 अंश म्हणजे डिसेंबरातली पहाट. म्हणून घरी जोडून उडवायचे अल्ट्रालाइट निवडायला बसलेल्या आमच्या मंडळींनी पहिल्याच बैठकीत पुस्तिका बाजूला सारली आणि वही उघडली.

मंडळी म्हणजे दोघे. एक अकोल्याच्या एमआयडीसीत डाळमिलची यंत्रे बनवणारा मित्र, दुसरे अमरावतीचे निवृत्त शिक्षक. सरांनी तरुणपणी एनसीसीच्या एअर विंगमध्ये मायक्रोलाइट उडवलेले. मी ऐकणारा, फार तर टेप धरणारा.

वहीतले गणित सरांचे. अकोल्याची शिवणी धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटर उंचीवर आहे. त्या उंचीला प्रमाण तापमान 13 अंश. मे महिन्यात दुपारी पारा 45 वर, म्हणजे 32 अंश जास्त. दर जादा अंशामागे हवा आणखी सुमारे 120 फूट वर गेल्याइतकी विरळ होते. बेरीज जाते 4,800 फुटांच्या वर, जवळजवळ पावणेपंधराशे मीटरवर. चिखलदरा आहे अकराशेच्या आसपास. म्हणजे शिवणीच्या डांबरावर उभे असलेले विमान हवेच्या हिशेबाने चिखलदऱ्याच्याही बरेच वर उभे असते. 80 अश्वशक्तीच्या इंजिनातले दहा-अकरा घोडे तिथेच गळतात. पंखालाही तेवढीच उचल मिळवायला जमिनीवर जास्त वेग घ्यावा लागतो. म्हणून धाव लांबते आणि चढ मंदावतो.

या चाळणीतून तीन नावे उरली. पहिले एक्स-एअर, बंगळूरच्या राज हंस कंपनीचे. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर डॅक्रॉनचे कापड. ब्रिटनमधल्या हौशी लोकांनीही हे घरी जोडले. दुसरे किटफॉक्स, अमेरिकन. वेल्डिंग केलेला क्रोमोली पोलादाचा सांगाडा, वर कापड आणि मागे दुमडणारे पंख. तिसरे झेनिथ सीएच 701, क्रिस हाइन्झ यांनी 1980 च्या दशकात रेखाटलेले, पूर्ण पत्र्याचे. पंखाच्या पुढच्या कडेला कायमची फट असलेली पट्टी असल्याने ते अगदी कमी वेगातही तरंगत राहते. एनसीसीनेही ते वापरले.

सरांचे मन एक्स-एअरकडे. हलके, स्वस्त, देशी. पण डॅक्रॉन उन्हाने कुजते. बाहेरून रंग टिकलेला दिसतो, आतला धागा मात्र जोर सोडतो. वऱ्हाडातले ऊन पाहता हँगर नसेल तर हे कापड लवकरच बदलावे लागणार. किटफॉक्सचे दुमडते पंख मोहात पाडतात. विमान ट्रॉलीवर लादून घरी नेता येते. कापड मात्र त्यालाही आहे.

मित्राचे मत हातातून आले. त्याने दोन ॲल्युमिनियमचे तुकडे घेतले, एकावर एक ठेवून भोके पाडली. मग तुकडे सुटे केले आणि प्रत्येक भोकाची बर काढली. ही पायरी गाळली तर पत्रे एकमेकांना नीट चिकटून बसत नाहीत आणि त्या खरबरीत कडेपासूनच पुढे तडा निघतो. तुकडे पुन्हा जुळवून क्लेकोच्या चिमट्यांनी तात्पुरते धरले, एकेक चिमटा काढून त्या जागी पॉप रिव्हेट ओढला. "सर, हे आपल्या पोट्ट्यायले येते," तो म्हणाला. "पण क्रोमोलीचं वेल्डिंग चुकलं तं वरून दिसत नाही. रिव्हेट वाकडा बसला का लगेच दिसते." डाळीचे हॉपर वळवणाऱ्या कारागिरांच्या भरवशावर पत्र्याचे पारडे जड झाले.

मग वजन. युरोपात दोन आसनी अल्ट्रालाइटला बरीच वर्षे 450 किलोची मर्यादा होती. सीएच 701 रिकामे सुमारे 263 किलोचे. दोन माणसांचे दीडशे, 40 लिटर पेट्रोलचे जवळपास 29. बेरीज 442. आठ किलोत डबा, पाणी, हत्यारे. उन्हाळ्यात उडायचे तर एकट्याने आणि सकाळी नऊच्या आत, हे सरांनी वहीत अधोरेखित केले. दुपारी काळी जमीन तापली की वर जाणारे झोत इतक्या हलक्या विमानाला उधळून लावतात.

इंजिनावर वाद झाला नाही. दोन स्ट्रोकचे रोटॅक्स 582 हलके, पण 300 तासांनी उघडावे लागते. चार स्ट्रोकचे रोटॅक्स 912 महाग, पण 2,000 तास चालते. खरी अडचण पंपावर निघाली. 912 ला पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालते आणि आपल्या पंपांवर आता 20 टक्क्यांचे मिश्रण मिळते. उरला पर्याय विमानाच्या पेट्रोलचा. त्यात शिसे असते, म्हणून ऑइल लवकर बदलायचे. शिवाय ते अकोल्यापर्यंत पिंपांतून आणायचे, त्याची साठवण आणि परवानगी वेगळी.

परवानगीचा विषय निघाला की कॅप्टन अमोल यादव यांचे नाव येतेच. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधले, 2016 साली 'मेक इन इंडिया' सप्ताहात मांडले. डीजीसीएची नोंदणी 2017 ला मिळाली, उड्डाणाचा परवाना 2019 ला, आणि ते धुळ्यात उडाले ऑगस्ट 2020 मध्ये. यादव तर व्यावसायिक वैमानिक, तरी त्यांना इतकी वर्षे लागली. अमेरिकेत 115 किलोच्या आतल्या एकआसनी अल्ट्रालाइटला नोंदणीही लागत नाही, वैमानिकाला परवानाही नाही. आपल्याकडे ती मुभा नाही.

"विमान तं बनवसान भाऊ, पण उतरवसान कुठी?" वर्कशॉपमधल्या वेल्डरने विचारले, आणि या प्रश्नापुढे इंजिनाची चर्चाही किरकोळ ठरली. अमरावतीच्या बेलोऱ्याला 1,850 मीटरची धावपट्टी आहे, एप्रिल 2025 पासून तिथे मुंबईचे विमान येते. एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्थाही तिथलीच. अशा गजबजीत हौशी विमानाला जागा मागावी लागेल. शिवणीची पट्टी 1943 सालची, तिच्या लांबीचा प्रश्न वर्षानुवर्षे अडलेला. मोठ्या विमानांना ती अपुरी पडते, सीएच 701 ला मात्र तिचा छोटा तुकडाही पुरे. शेतातली पट्टी करायची तर काळ्या मातीत जून ते ऑक्टोबर चाके रुततात. मुरूम टाकून दाबल्याशिवाय गत्यंतर नाही.

शेवटी निवडीचा क्रम पुस्तिकेच्या नेमका उलटा लागला. आधी जागा, मग इंधन, मग कारागिराचा हात, आणि सर्वांत शेवटी विमानाचे नाव. नाव सीएच 701 ठरले, तरी पूर्ण किट मागवायचे नाही असे ठरले. झेनिथ कंपनी फक्त सुकाणूचा संच वेगळा विकते. तो आधी आणायचा. एका उन्हाळ्यात तो सरळ, बिनपिळाचा जोडला गेला आणि तोवर पट्टीचा लेखी होकार हाती आला, तरच पंखांचे पैसे भरायचे. दोन्हींतले एक जरी जमले नाही, तर नुकसान एका सुकाणूपुरतेच.