बारव उपसा, पण झरे जपा

विक्रोळीला नळ फिरवला की पाणी येते. ते तानसा, भातसा अशा दूरच्या धरणांतून आणलेले असते. पण ज्याचे गाव मराठवाड्यात आहे, त्याने उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेली असते. आणि कधी कधी त्याच गावात एक जुनी बारव कचऱ्याने भरून पडलेली असते!

बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. पाणी वर असो की खोल गेलेले असो, पायऱ्या उतरून घागर भरता येते. सातारा जिल्ह्यात लिंब येथे पायऱ्यांची मोठी विहीर आहे. तिला बारा मोटांची विहीर म्हणतात. वीरूबाई भोसले यांनी ती १७१९ ते १७२४ या काळात बांधली. खोली सुमारे ११० फूट. आमराईला तिचे पाणी जाई.

परभणी जिल्ह्यातल्या वालूर गावची बारव गोल आहे. तिच्या पायऱ्या वळत वळत खाली जातात. ती माती आणि झाडोऱ्याने बुजली होती. २०२१ साली गावकऱ्यांनी श्रमदान करून ती साफ केली.

बारव बुजली की पाणी का आटते? पावसाचे पाणी जमिनीत मुरते. मुरमातून, खडकाच्या भेगांतून ते सरकत येते. तेच आपले झरे. गाळ बसला की झऱ्यांची तोंडे बंद होतात. गाळ काढला की ती मोकळी होतात. भोवती बोअर फार झाली असतील, तर मात्र नुसता गाळ काढून भागत नाही.

दुरुस्ती करताना पुष्कळ ठिकाणी एक चूक होते. हौसेने आतून सिमेंट लावतात. भिंत गुळगुळीत दिसते खरी, पण पाणी येणार कुठून? जुन्या बारवांचे दगड पुष्कळदा चुन्याशिवाय रचलेले असतात. त्या सांध्यांतूनच पाणी पाझरते. सांधे लिंपले तर पाणी मागे तुंबते आणि भिंत फुगते. म्हणून निखळलेला दगड जपून ठेवावा, जिथला तिथे बसवावा. झाडाचे मूळ ओढू नये, कापावे. ओढले तर दगडही निघून येतो. बारव सरकारने संरक्षित केलेली असेल, तर आधी पुरातत्त्व खात्याला विचारावे.

आता पिण्याचे. बारवांची एक वाईट बाजूही होती. नारू झालेला माणूस पाण्यात उतरला, की त्याच्या पायातून जंताची पिले पाण्यात जात. पाण्यातले बारीक किडे ती गिळत. ते पाणी जो पिईल, त्याला वर्षभराने नारू निघे. म्हणून पायऱ्यांच्या कितीतरी विहिरी बंद केल्या गेल्या. भारतातला नारूचा शेवटचा रोगी १९९६ साली सापडला. २००० साली देश नारूमुक्त ठरला.

नारू गेला, पण हगवण आणि कावीळ आहेतच. तेव्हा पिण्याच्या पाण्यात कोणी पाय घालू नये. पंपाने पाणी वरच्या टाकीत चढवावे, तपासून घ्यावे, आरोग्यसेवक सांगेल तेवढी ब्लीचिंग पावडर घालावी. तपासणीत पाणी वाईट निघाले, तर ते गुरांना आणि झाडांनाही वापरण्याआधी त्यांनाच विचारावे. धुण्याचा दगड लांब ठेवावा, उताराच्या बाजूला, म्हणजे सांडपाणी परत बारवेत उतरणार नाही.