गार पाण्याची शर्यत, तीही हृदयात!

ओळख पाहू! पोटात रक्त भरून घेतं, साऱ्या अंगाला वाटतं, पण त्या पोटातल्या रक्तावर ज्याचं स्वतःचं भागत नाही, असं कोण?

हृदय!

खोटं वाटतंय ना? हृदयाच्या भिंती इतक्या जाड असतात, की आतलं रक्त त्यांच्या स्नायूंमध्ये खोलवर झिरपतच नाही. मग हृदयाला खाऊ मिळतो कुठून? बाहेरून! हृदयातून निघालेल्या मोठ्या धमनीला सुरुवातीलाच दोन फाटे फुटतात. ते वळून पुन्हा हृदयावरच पसरतात. त्या करोनरी धमन्या. त्यांना फांद्या, फांद्यांना आणखी फांद्या! शेवटच्या नळ्या तर इतक्या अरुंद, की तांबड्या पेशीला अंग दुमडून आत घुसावं लागतं.

आणखी एक गंमत! हृदयाचा डावा भाग आवळला, की त्याच्या भिंतीतल्या नळ्याही चेपल्या जातात. म्हणून तो भाग मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात जेवून घेतो. दिवसाला सुमारे एक लाख ठोके, आणि जेवायला एवढीशी फट!

आता खरी पंचाईत. मोठ्या धमन्यांचा फोटो काढता येतो. त्याला अँजिओग्राफी म्हणतात. पण साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्या त्यात दिसतच नाहीत. मग त्या नीट उघडतात की नाही, हे कसं कळणार?

अशी कल्पना कर. मधली सुट्टी संपली. मुलं शाळेच्या व्हरांड्यातून आपापल्या वर्गांत शिरतायत. दारं अर्धवट उघडी असली, की व्हरांड्यात गर्दी तुंबते. सताड उघडी असली, की व्हरांडा झटक्यात मोकळा! तू फाटकाशी उभा आहेस, तिथून दारं दिसत नाहीत. पण पिवळी टोपी घातलेला मित्र व्हरांडा किती वेळात पार करतो, ते मोजलंस तर? दारांची खबर तुला न बघताच लागली!

डॉक्टर अगदी हेच करतात. फक्त त्यांची पिवळी टोपी म्हणजे गार पाणी!

मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून एक तार करोनरी धमनीत सरकवतात. तिची जाडी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. तिच्यात रक्ताचा दाब आणि तापमान मोजायची सोय असते. मग साधारण ३ मिलिलिटर सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी, सोडायचं. रक्त ३७ अंशांचं, सलाइन खोलीइतकं गार. ते वाहत आलं, की तारेला लगेच कळतं. चला, मोजा वेळ! एकदा मोजून भरवसा नाही, म्हणून तीनदा.

मग देतात अ‍ॅडिनोसिन नावाचं औषध. आता सगळी दारं सताड! धावताना हृदयाला जादा रक्त लागतं, तेव्हाही ही दारं अशीच उघडतात. माणूस मात्र पलंगावर पडलेला! छातीवर थोडा भार वाटतो, पण हे औषध रक्तात काही सेकंदच टिकतं.

पुन्हा गार सलाइन, पुन्हा वेळ. आधी ०.९ सेकंद लागला आणि आता ०.३, तर रक्त तिप्पट वेगानं वाहिलं. शाब्बास! वेग दुप्पटही झाला नाही आणि मोठी धमनी तर मोकळी आहे, मग गडबड त्या न दिसणाऱ्या बारीक नळ्यांत.

अशी गडबड असलेल्या माणसाच्या छातीत खरोखर दुखतं, आणि अँजिओग्राफीचा फोटो मात्र स्वच्छ येतो! म्हणून घरातलं कुणी म्हणालं, “फोटोत काही नाही, पण जिना चढताना छातीत दुखतं,” तर हसण्यावारी नेऊ नकोस. त्यांना म्हण, “डॉक्टरांना बारीक नळ्यांबद्दलही विचारा!”