सह्याद्रीवरील वाऱ्याची लाट आणि भाताचे पाणी

शहापूर व मुरबाड तालुक्यांत ऐन आषाढात असे काही दिवस येतात की, माहुलीचा माथा दिवसभर ढगांत बुडालेला असतो आणि तरीही खाचरात आवणीपुरते पाणी साचत नाही. ढग आहेत, मग पाऊस का नाही? याचे उत्तर ढगांपेक्षा वाऱ्यात अधिक आहे.

वाहत्या ओढ्यात मोठा धोंडा असला म्हणजे पाणी त्यावर चढते, पलीकडे उतरते आणि पुढे काही अंतर वरखाली हेलावत राहते. अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यास सह्याद्री हा असाच धोंडा होय. वर चढणारी हवा, ढग बनेपर्यंत, दर १०० मीटरला सुमारे १ अंश सेल्सिअसने थंड होते. समुद्रावरील हवा मुळातच दमट, त्यामुळे ती थोडी चढताच ढग बनतात. हे ढग पुष्कळदा ठेंगणे असतात व त्यांत बर्फ तयार होत नाही. लहान थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि खाली पडतात. त्यासाठी चढत्या हवेचा पुरवठा अखंड लागतो. लाटेच्या उतारावर हवा तापते व ढग विरतो. मुरबाडची खाचरे तुडुंब असता माळशेज घाट ओलांडून जुन्नरकडे जाणाऱ्यास पुष्कळदा ऊन भेटते, ते यामुळेच. महाबळेश्वराच्या पूर्वेस २० किलोमीटरच्या आत असलेल्या पाचगणीस तेथल्या पावसाचा जेमतेम तिसरा हिस्सा मिळतो.

पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील आर. पी. सरकार यांनी १९६६ साली या लाटेचे गणित मांडले. किनाऱ्यापासून पाऊस वाढत जातो, माथा येण्यापूर्वीच सर्वाधिक होतो व पुढे झपाट्याने घटतो, असे त्यातून निघाले. घाटाखालच्या शेतकऱ्यास यात नवल ते काय! परंतु कारण कळले म्हणजे अंदाज बांधता येतो.

वाऱ्याचा जोर ओसरला की हवेचे चढणे मंदावते. ढग कड्यास टेकून राहतात, पण झिमझिमीपलीकडे काही देत नाहीत. पावसाच्या मोठ्या खंडात असेच घडते. २००२ च्या जुलैत तर देशातील पाऊस सरासरीच्या सुमारे निम्म्यावर आला होता.

सबब, केवळ डोंगरावरील ढग पाहून रोपे उपटण्याची घाई करू नये. पश्चिमेचा वारा सलग व जोराने वाहत आहे काय, हे पाहावे आणि हवामान विभागाच्या अंदाजाशी त्याचा पडताळा घ्यावा. तोवर बांधातील खेकड्यांची बिळे बुजवून असलेले पाणी राखावे. उलट, वारा जोराचा व ढग खाली उतरलेले असता युरिया देऊ नये. बांधावरून वाहणाऱ्या पाण्याबरोबर नत्रही निघून जाते. उघडीप मिळताच खाचरातील पाणी कमी करून खत द्यावे व दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी बांधावे.